नव्या वसाहतीत घरं किती वेगानं विकली जाताहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नियोजित वसाहतीत घर बघायला जाणारा माणूस भाव विचारतो, ताबा कधी मिळेल ते विचारतो, शाळा किती लांब आहे ते विचारतो. महिन्याला इथे घरं किती विकली जातात, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. मी काही वर्षं अशा एका वसाहतीच्या विक्री विभागात आकड्यांचं काम केलं आहे. दर सोमवारी सकाळी आदल्या आठवड्याचा तक्ता माझ्या टेबलावरून वरिष्ठांकडे जायचा. बाग कधी होईल, मेंटेनन्स किती वाढेल, उद्या तुम्ही घर विकायला काढलंत तर गिऱ्हाईक मिळेल का, याचा अंदाज त्या एका कागदावरून यायचा. घर घेणाऱ्यांना मात्र तो कागद कधीच दिसायचा नाही. लोक मला जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

विक्रीचा वेग म्हणजे नक्की काय मोजायचं?

ठरावीक काळात निव्वळ किती घरं विकली गेली, ते. निव्वळ म्हणजे झालेल्या बुकिंगांतून रद्द झालेली बुकिंगं वजा करून.

मोठी वसाहत बहुधा एकट्या बिल्डरची नसते. मूळ विकसक जमीन घेतो, रस्ते आखतो, पाणी, सांडपाणी आणि वीज आणतो आणि तयार प्लॉट वेगवेगळ्या बिल्डरांना देतो. एकाच वेळी पाच-सहा बिल्डर विकत असतात, प्रत्येकाचं सेल्स ऑफिस वेगळं. त्यामुळे वेग दोन तऱ्हांनी बघावा लागतो: अख्ख्या वसाहतीचा आणि दर प्रकल्पामागे.

समजा, सहा प्रकल्प चालू आहेत आणि प्रत्येकाची महिन्याला चार बुकिंगं होतात. झाली चोवीस. त्यातली चार रद्द झाली, निव्वळ उरली वीस. दर प्रकल्पामागे ३.३. पुढच्या महिन्यात सातवा प्रकल्प उघडला आणि निव्वळ विक्री एकवीस झाली. 'विक्री वाढली' असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. पण दर प्रकल्पामागे वेग ३.३ वरून ३ वर उतरला. गिऱ्हाईक जवळपास तेवढंच राहिलं, वाटेकरी एकानं वाढला. जाहिरातीत नेहमी पहिला आकडा असतो. सोमवारच्या बैठकीत चर्चा दुसऱ्यावर व्हायची.

घर 'विकलं गेलं' असं कधी म्हणायचं? टोकन दिल्यावर, करार झाल्यावर की ताबा मिळाल्यावर?

तिन्ही अर्थानं हा शब्द वापरला जातो, आणि गोंधळ तिथेच होतो. टोकन देणाऱ्याचं कर्ज मंजूर व्हायचं असतं. करार केलेल्याचं जुनं घर विकलं जायचं असतं. ताबा तर बांधकाम सुरू असेल तर वर्ष-दीड वर्षानं मिळतो. म्हणजे 'या वर्षी ३०० घरं विकली' या एका वाक्याचे तीन वेगवेगळे अर्थ निघू शकतात.

सरकारी आकड्यांतही हे बघावं लागतं. अमेरिकेचा जनगणना विभाग दर महिन्याला नव्या घरांच्या विक्रीचा आकडा देतो. त्यात करारावर सही झाली किंवा अनामत स्वीकारली की घर विकलं गेलं असं धरतात. पुढे तो सौदा मोडला तरी आकड्यातून वजा होत नाही. तेच घर नंतर दुसऱ्यानं घेतलं तर पुन्हा मोजत नाहीत. बाजार स्थिर असतो तेव्हा यानं फारसा फरक पडत नाही. पण मंदी लागली की बुकिंगं रद्द होण्याचं प्रमाण एकदम वाढतं, आणि तेव्हा कागदावरची विक्री खऱ्या विक्रीपेक्षा बरी दिसते. तेजी परतल्यावर याच्या उलट घडतं, कारण आधी मोडलेल्या सौद्यांची घरं पुन्हा विकली जातात आणि ती मोजली जात नाहीत.

बुकिंग रद्द होणं हा मला सगळ्यात आधी बोलणारा आकडा वाटतो. नवी बुकिंगं कमी व्हायच्या आधीच रद्द होणारी वाढायला लागतात.

महिन्याला किती घरं विकली गेली की वेग चांगला म्हणायचा?

एक ठरलेला आकडा नाही. एकाच प्रकल्पात बैठी किंवा रांगेतली घरं विकली जात असतील, तर महिन्याला तीन-चार निव्वळ विक्री ठीक समजतात. महिनाभरात एखादंच घर जात असेल तर बिल्डर भाव, रचना किंवा माणसं, काहीतरी बदलायच्या मागे लागतो.

अख्ख्या वसाहतीच्या पातळीवर फरक प्रचंड असतो. फ्लोरिडातली 'द व्हिलेजेस' ही ज्येष्ठांची वसाहत २०२३ या एका वर्षात ३,००० हून जास्त नवी घरं विकून गेली. याउलट 'लिचफिल्ड्स' या नियोजन सल्लागार संस्थेनं २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या मोठ्या जागा तपासल्या, तेव्हा २,००० हून जास्त घरांच्या जागांवरही वर्षाला सरासरी १६१ घरंच उभी राहत होती. ही तुलना सरळ नाही, एकीकडे विक्री आणि दुसरीकडे बांधकाम आहे. तरी मोठी जमीन म्हणजे आपोआप मोठा वेग नव्हे, एवढं त्यातून दिसतं.

तुमच्या वसाहतीची तुलना तिच्याच मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मागच्या महिन्याशी नको. घरखरेदीला सगळीकडेच हंगाम असतो, आणि भर हंगामानंतरची उतरण पाहून उगाच घाबरायला होतं.

'साठा इतक्या महिन्यांचा आहे' असं म्हणतात, त्याचा अर्थ काय?

न विकलेली घरं भागिले महिन्याची विक्री. वरच्याच उदाहरणात ९० घरं न विकलेली असतील आणि महिन्याला २० जात असतील, तर साठा साडेचार महिन्यांचा. साधारण सहा महिन्यांच्या आसपास मागणी-पुरवठा जुळलेला मानायची पद्धत आहे. अमेरिकेत जानेवारी २००९ मध्ये नव्या घरांचा साठा १२.२ महिन्यांवर गेला होता. त्यावरून त्या मंदीची कल्पना येईल.

मात्र एक बघा. न विकलेल्या घरांत तयार घरं किती, अर्धवट बांधलेली किती आणि पाया न घातलेली किती, हे वेगवेगळं विचारायला हवं. पाया न घातलेलं घर बिल्डर थांबवू शकतो. बांधून तयार असलेलं रिकामं घर मात्र रोज व्याज खातं. सवलत मिळण्याची शक्यता त्या तयार घरांवरच असते.

विकसक मुद्दाम विक्री धीमी ठेवतो का?

हो, ठेवतो. यात नेहमी काही लबाडी असते असं मात्र नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आमच्या ऑफिसात भिंतभर मोठा लेआउटचा नकाशा होता. त्यावर टाचण्या: हिरवी म्हणजे विकायला खुलं, पिवळी म्हणजे टोकन आलेलं, लाल म्हणजे करार झालेला. नकाशाच्या बऱ्याच मोठ्या भागावर मात्र टाचणीच नव्हती. ते प्लॉट तयार होते, कागदपत्रं पुरी होती, फक्त विक्रीला खुले केलेले नव्हते. येणाऱ्या गिऱ्हाइकाला हिरव्या टाचण्या सात-आठच दिसायच्या आणि त्याला वाटायचं, फार थोडी घरं उरली आहेत, आजच ठरवलेलं बरं. लाल टाचण्या वाढल्या की संध्याकाळी आणखी चार-पाच हिरव्या लागायच्या.

टप्प्याटप्प्यानं घरं खुली करण्यामागे खरी कारणं असतात. रस्ते आणि नळ एका रांगेत टाकत न्यावे लागतात. मजूर आणि माल सगळीकडे एकदम पुरवता येत नाही. आधीच्या रहिवाशांना चारी बाजूंनी बांधकामाच्या धुळीत ठेवणंही बरं नव्हे. पण सगळ्यात मोठं कारण भावाचं आहे. एका भागात, एका भावाला, एका तऱ्हेचं घर घेणारी माणसं महिन्याला मोजकीच असतात. त्याहून जास्त घरं बाजारात आणायची तर भाव उतरवावा लागतो. भाव उतरला की आधी घेतलेले नाराज होतात, बँकेचं मूल्यांकन उतरतं आणि पुढच्या टप्प्याच्या जमिनीचा सगळा हिशोब फिसकटतो. म्हणून विकसक भाव सांभाळतो आणि वेग सोडून देतो.

ब्रिटिश सरकारनं तेव्हाचे खासदार ऑलिव्हर लेटविन यांना नेमकं हेच तपासायला सांगितलं होतं: परवानगी मिळालेल्या मोठ्या जागांवर घरं इतकी हळू का उभी राहतात? २०१८ मधल्या त्यांच्या अहवालाचं उत्तर स्पष्ट होतं. मजूर, विटा, परवाने या अडचणी असतात, पण मुळात वेग ठरतो तो चालू भाव न पाडता बाजार किती घरं पचवू शकतो यावर. त्यांनी पाहिलेल्या साधारण निम्म्या जागांना पूर्ण व्हायला साडेपंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागत होती.

त्या अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. एकाच जागेवर सगळी घरं एकसारखी असली तर वेग अडकतो, कारण सगळ्या घरांना गिऱ्हाईकही एकाच तऱ्हेचं लागतं. लहान घरं, मोठी घरं, भाड्याची घरं, परवडणारी घरं, ज्येष्ठांसाठीची घरं, स्वतः बांधून घेणाऱ्यांसाठी प्लॉट असं मिसळून दिलं, की प्रत्येकाचा ग्राहक वेगळा असतो. एकाची विक्री दुसऱ्याच्या मुळावर येत नाही. वसाहत निवडताना मी आधी हे वैविध्य बघेन.

पहिल्या वर्षी धडाक्यात विक्री झाली आणि मग मंदावली. काही बिघडलं आहे का?

बहुतेक वेळा नाही. सुरुवातीला भाव उद्घाटनाचे असतात, वर्षभर वाट बघत थांबलेले लोक एकदम येतात आणि गुंतवणूकदारही उतरतात. ती गर्दी ओसरली की खरा वेग दिसायला लागतो. मधल्या वर्षांत सहसा वेग पुन्हा वाढतो, कारण तोवर शाळा सुरू झालेली असते, दुकानं आलेली असतात आणि राहणारी माणसं नातेवाइकांना सांगायला लागतात. शेवटी कोपऱ्यातले, उताराचे, मोठ्या रस्त्यालगतचे प्लॉट उरतात आणि वेग उतरत जातो. तो उतार नैसर्गिकच.

मधल्या वर्षांत वेग वाढलाच नाही, तर मात्र कारण विचारा.

व्याजदर वाढला की विक्री किती पडते?

किती पडेल ते सांगता येत नाही, का पडते ते हिशोबानं दाखवता येतं. तीस वर्षांचं कर्ज ३ टक्क्यांऐवजी ७ टक्क्यांनी घेतलं तर तेवढ्याच रकमेचा मासिक हप्ता सुमारे ५८ टक्क्यांनी वाढतो. उलट बाजूनं, हप्ता तेवढाच ठेवायचा तर कर्ज सुमारे ३७ टक्के कमी मिळतं. घराचा भाव एका पैशानं न वाढताही ते अनेकांच्या हाताबाहेर जातं.

हे कागदावरचं उदाहरण नाही. अमेरिकेत 'फ्रेडी मॅक' या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या आकड्यांनुसार तीस वर्षांच्या स्थिर कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्के. त्या काळात एक वेगळीच गोष्ट दिसली. स्वस्त कर्जात राहणारे लोक घर सोडायला तयार होईनात, म्हणून जुनी घरं बाजारात येईनाशी झाली. ज्यांना घर हवंच होतं ते नव्या वसाहतींकडे वळले. मोठे बिल्डर स्वतःच्या खिशातून बँकेला पैसे भरून गिऱ्हाइकाचा व्याजदर खाली आणून देत होते, आणि एकट्यादुकट्या घरमालकाला ते जमणं शक्य नव्हतं. दर चढूनही नव्या घरांची विक्री जुन्या घरांच्या मानानं बरी तगली ती यामुळे.

विक्री मंदावली तरी जाहीर भाव का उतरत नाही?

कारण जाहीर भाव उतरवणं हा विकसकाचा शेवटचा उपाय असतो. त्याआधी बरंच काही करता येतं. नोंदणीचा खर्च आम्ही करू. स्वयंपाकघराचं फर्निचर देऊ. दोन वर्षं मेंटेनन्स नको. व्याजातला फरक आम्ही भरू. यातलं काहीही दिलं तरी कागदावरचा भाव तोच राहतो, आणि आधी घेतलेल्यांनाही आपण फसलो असं वाटत नाही.

म्हणून वेग पडल्याची खूण भावात शोधू नका, सवलतीत शोधा. मागच्या वर्षी काय देत होते आणि आज काय देताहेत, ते शेजारच्या दोन घरांत विचारलं की कळतं. सगळ्या सवलतींची किंमत वजा करून खरा भाव काढा आणि मगच दुसऱ्या वसाहतीशी तुलना करा.

जितका वेग जास्त तितकं चांगलं, असंच ना?

नाही. फार वेगाचाही त्रास असतो, आणि तो राहायला गेल्यावर कळतो.

एका हंगामात ठरवल्यापेक्षा खूप जास्त विक्री झालेली मी पाहिली आहे. ऑफिसात पेढे वाटले. पुढच्या वर्षी त्याच घरांच्या तक्रारींचा ढीग माझ्या टेबलावर होता. गवंडी कमी पडले म्हणून नवखी माणसं घेतली होती. प्लास्टर पुरतं वाळायच्या आत रंग लावला होता. एका बाईंनी घरच्या भिंतीचा रंगाचा पोपडा पाकिटात घालून आणला आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवला. त्याच्या मागच्या बाजूला ओल अजून हाताला लागत होती. ते पाकीट मी विसरू शकत नाही, कारण त्या महिन्याचा विक्रीचा तक्ता मीच मोठ्या अभिमानानं वर पाठवला होता.

शिवाय माणसं भराभर राहायला येतात आणि शाळा, पाणी, रस्त्याचा जोड मागेच राहतो. सांभाळता येईल असा, वर्षानुवर्षं फार न हलणारा वेग वसाहतीला सगळ्यात मानवतो.

शाळा, बाग, क्लबहाउस यांचा विक्रीच्या वेगाशी काय संबंध?

सरळ संबंध आहे, पण सेल्स ऑफिसात तो कुणी उलगडून सांगत नाही. माहितीपत्रकात रंगवलेल्या बऱ्याच सोयी तारखेला बांधलेल्या नसतात, घरांच्या संख्येला बांधलेल्या असतात. पाचशे घरं झाली की दुसरी बाग. हजार कुटुंबं राहायला आली की शाळेची इमारत. महिन्याला वीस घरं जातील असं धरून पाचशे घरांना पंचवीस महिने लागतात. वेग दहावर आला तर त्याच बागेला चार वर्षांहून जास्त. विकसकानं शब्द मोडला असं कागदावर म्हणताही येत नाही, आणि तुमचं मूल मात्र बागेच्या वयातून पुढे गेलेलं असतं.

दुकानांचंही तसंच. किराणा दुकानदार विकलेली घरं मोजत नाही, चुली पेटलेली घरं मोजतो. पुरेशी कुटुंबं नसतील तर गाळा फुकट दिला तरी तो येत नाही.

म्हणून करारात विचारा: ही सोय तारखेला बांधली आहे की घरसंख्येला? घरसंख्येला असेल तर आजचा वेग धरून महिने स्वतः मोजा.

घरं विकली गेली, पण संध्याकाळी दिवे दिसत नाहीत. हे काय आहे?

विकलेली घरं आणि राहती घरं हे दोन वेगळे आकडे आहेत. गुंतवणूकदारानं घेतलेल्या घरावर नकाशात लालच टाचणी दिसते, पण तिथे कुणी राहत नाही. चीनच्या अंतर्गत मंगोलियातलं नवं शहर कांगबाशी हे जगभर चर्चेत आलेलं उदाहरण आहे. तिथे सगळं आखीव-रेखीव उभं राहिलं, घरं घेतलीही गेली, पण कित्येक वर्षं रस्ते ओस राहिले.

मी स्वतः घर बघायला जाते तेव्हा कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसात-आठला एक चक्कर मारते. एका रांगेतल्या पेटलेल्या खिडक्या मोजते. दोऱ्यांवर कपडे आहेत का, दाराबाहेर लहान मुलांच्या सायकली आहेत का ते पाहते. निम्म्याहून जास्त घरं अंधारात असतील, तर विक्रीचा आकडा कितीही मोठा असो, मी थांबून विचार करते. रिकाम्या घरांचे मालक मेंटेनन्स थकवतात, देखरेखीच्या सभेला येत नाहीत आणि भाव वधारला की सगळे एकदम विकायला काढतात.

विकसक अजून नवी घरं विकतो आहे. मी माझं घर विकायला काढलं तर?

तुमची स्पर्धा थेट विकसकाशी होते, आणि ती अवघड असते. त्याच्याकडे सजवलेलं नमुना घर आहे, कर्जासाठी ठरलेली बँक आहे, सवलती आहेत, नवेपणा आहे. तुमच्याकडे आहे तयार घर आणि वाढलेली झाडं. नवी विक्री धीमी असेल तर विकसकाच्या सवलती वाढतात आणि तुम्हाला त्याच्या खऱ्या भावाच्याही खाली यावं लागतं. ती जोरात असेल आणि ताब्याला दीड वर्ष थांबावं लागत असेल, तर लगेच राहायला जाता येईल अशा तुमच्या घराला उलट जास्त मागणी येते. शक्य असेल तर तुमच्या तऱ्हेच्या घरांचा टप्पा संपेपर्यंत थांबा. तीन वर्षांच्या आत विकावं लागेल अशी शंका असेल, तर मोठ्या वसाहतीच्या पहिल्या टप्प्यात घर घेताना दोनदा विचार करा.

वेग पडल्यामुळे पूर्ण वसाहतच अडचणीत आल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि ती चांगल्या हेतूनं उभ्या केलेल्या वसाहतींची आहेत.

रॉबर्ट ई. सायमन यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात सुमारे ६,७५० एकर जमीन घेतली. तिथे उभ्या केलेल्या 'रेस्टन' या वसाहतीच्या इंग्रजी नावातली पहिली तीन अक्षरं त्यांच्याच नावाची आद्याक्षरं आहेत. त्यांनी आधी तळं केलं, तळ्याकाठी चौक, दुकानं, रांगेतली घरं आणि एक उंच इमारत उभी केली. १९६४ पासून लोक राहायला येऊ लागले. जागा सुंदर होती, पण घरं हवी तितक्या भराभर विकली गेली नाहीत आणि कर्जाचं व्याज थांबलं नाही. १९६७ मध्ये पैसा पुरवणाऱ्या 'गल्फ ऑइल'नं ताबा घेतला आणि सायमन यांना बाजूला व्हावं लागलं. पुढे रेस्टन भरभराटीला आलं. सायमन १९९३ मध्ये तिथेच राहायला परतले आणि २०१५ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी जाईपर्यंत तिथेच राहिले. आराखडा बरोबर होता, वेगाचा अंदाज चुकला होता. ही हकिकत मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगायचे.

१९७० च्या कायद्यान्वये अमेरिकी सरकारनं अशा १३ नव्या वसाहतींच्या कर्जाला हमी दिली. त्यातल्या बहुतेकींना ते कर्ज पेललं नाही. टेक्सासमध्ये १९७४ मध्ये सुरू झालेली जॉर्ज मिचेल यांची 'द वुडलँड्स' हा ठळक अपवाद. रस्ते, पाणी, सांडपाणी यांचा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि पैसा मात्र घराघरानं येतो. मधली दरी किती वर्षं सोसायची, ते विक्रीचा वेग ठरवतो. त्यातच १९७३-७५ ची मंदी आली.

म्हणून विकसकामागे पैसा कुणाचा आहे आणि तो किती वर्षं थांबायला तयार आहे, हे विचारणं आगाऊपणाचं नाही.

सेल्स ऑफिसात नेमकं काय विचारू?

मागच्या बारा महिन्यांत, महिनावार, निव्वळ किती करार झाले. किती रद्द झाले. आज तयार पण न विकलेली घरं किती. एकूण प्लॉट किती उरले आणि पुढचा टप्पा कधी खुला होणार. विकलेल्या घरांपैकी किती घरांत माणसं राहतात. यातली काही उत्तरं सरकारी नोंदींतही सापडू शकतात, तिथे ताडून बघा.

उत्तर टाळलं गेलं तर तेही ध्यानात ठेवा. चांगला चालणारा प्रकल्प हे आकडे आनंदानं सांगतो. 'फक्त तीनच घरं उरली आहेत' असं ऐकलंत, तर या टप्प्यात की पूर्ण वसाहतीत, एवढं एकच विचारा.

उरलेल्या प्लॉटवरून वसाहत कधी पूर्ण होईल ते काढता येतं का?

ढोबळमानानं, हो. २,४०० प्लॉट उरलेत आणि महिन्याला २० जातात, तर १२० महिने, म्हणजे दहा वर्षं. मध्ये एखादी मंदी येणार हे धरून मी त्यात दोन-तीन वर्षं मिळवते. तेवढी वर्षं मालमोटारी, धूळ आणि भोंगे सोबतीला असतील, तसंच देखरेखीचा कारभारही बहुधा पूर्णपणे रहिवाशांच्या हाती येणार नाही. किती टक्के घरं विकली गेली की तो हस्तांतरित होईल, ते करारात वाचून घ्या.

अगदी शेवटी काय होतं?

शेवटचं विकलं जातं ते बहुधा नमुना घर. १९०५ मध्ये लेचवर्थ या इंग्लंडमधल्या उद्यान-नगरीत स्वस्त घरांचं प्रदर्शन भरवलं होतं, १५० पौंडांत बांधता येईल असं घर दाखवायचं. लोक आगगाडीनं बघायला आले, आणि नव्या वसाहतीची ओळखही त्यातून पसरली. घर दाखवून घर विकायची ही रीत आजही टिकून आहे.

आमच्या वसाहतीतलं नमुना घर नऊ वर्षं दाखवून झालं होतं. उंबरठ्याची फरशी मधोमध झिजली होती. ज्या कुटुंबानं ते घेतलं, त्यांनी ती बदलून मागितली आणि ती बदलून दिली. त्याच आठवड्यात नकाशा भिंतीवरून उतरवला. टाचण्या एका डब्यात काढल्या तेव्हा जवळपास सगळ्या लाल होत्या.